बोर्ड बदलण्याआधी: चिपसेट आणि रॅम कशी ताडून पाहायची

‘बी४५० चिपसेटचा बोर्ड काढून बी५५० चा टाकला तर रॅम जास्त वेगाने चालेल का?’ अपग्रेडचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर आता चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये, नसतो, प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीने तो २००३ मध्ये अॅथलॉन ६४ मध्ये आत घेतला, इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये. त्याआधी तो चिपसेटमधल्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असायचा आणि तेव्हा चिपसेट बदलला की आकडे खरोखर बदलायचे. त्याच अॅथलॉन एक्सपीला व्हीआयए केटी४०० वर रॅमकडे जाणारा एकच रस्ता, म्हणजे चॅनेल, मिळायचा, एनव्हिडियाच्या एनफोर्स२ वर दोन. तो काळ गेला, सल्ला मात्र अजून फिरतो आहे.

आजचा चिपसेट दोन गोष्टी ठरवतो. एक, परवानग्या: प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येईल का (ठरलेल्या वेगाच्या वर चालवता येईल का), रॅम ठरलेल्या वेगाच्या वर नेता येईल का. दोन, रस्ते: पीसीआयईच्या (कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाच्या) लेन किती, कोणत्या पिढीच्या, आणि डिस्कसाठी एम.२ आणि साटाचे किती पोर्ट. रॅमचा वेग प्रोसेसर, स्टिक आणि बोर्डावरची वायरिंग मिळून ठरवतात. खरेदीआधीची सगळी तुलना हे वेगळं ठेवूनच करायची.

उदाहरणाला एक अगदी नेहमीचं मशीन घेऊ: एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक. इंटेलवाल्यांसाठी वेगळा भाग पुढे आहे.

पहिली पायरी: आज काय चालू आहे ते लिहून काढा

सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. ‘मेनबोर्ड’ टॅबमधून बोर्डाचं पूर्ण नाव, चिपसेट आणि बायोसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती व तारीख उतरवून घ्या. बोर्डाची रिव्हिजन त्याच्याच कोपऱ्यावर छापलेली असते. तीही लिहा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना कधी कधी वेगळा बायोस लागतो.

मग ‘मेमरी’ टॅब. इथे बहुतेकांची फसगत होते. ३२०० ची रॅम असताना १६०० दिसतं आणि दुकानदाराने फसवलं असं वाटतं. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा माहिती, म्हणून १६०० मेगाहर्ट्झ हेच ३२०० मेगाट्रान्सफर. मात्र १०६६ किंवा १२०० दिसत असेल तर गडबड आहे: बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला बॉक्सवरचा वेग देणारी तयार सेटिंग) सुरू केलेलं नाही आणि रॅम २१३३ किंवा २४०० वर चालते आहे. अपग्रेडची चौकशी करत फिरणाऱ्या कितीतरी मशीनचं खरं दुखणं एवढंच निघतं. सुरू करायला एक मिनिट लागतं, खर्च शून्य.

चॅनेलची ओळही बघा. डीडीआर४ ला ‘२ × ६४ बिट’ दिसलं पाहिजे. डीडीआर५ मध्ये एका स्टिकचे आतून ३२ बिटचे दोन भाग असतात, त्यामुळे तिथे ‘४ × ३२ बिट’ दिसणं म्हणजेच ड्युअल चॅनेल. एकच चॅनेल दिसत असेल तर केस उघडा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी शेजारी लावल्या की त्या एकाच चॅनेलवर जातात.

दुसरी पायरी: कागदावरचा हिशोब

दोनच सूत्रं लागतात. बँडविड्थसाठी मेगाट्रान्सफर गुणिले ८ बाइट गुणिले चॅनेलची संख्या. ३२०० ची रॅम दोन चॅनेलवर ५१.२ जीबी प्रति सेकंद देते. २४०० ची एकच स्टिक १९.२. डीडीआर५ ६००० दोन चॅनेलवर ९६.

उशीर, म्हणजे लेटन्सी, मोजायला सीएल (रॅमला उत्तर द्यायला लागणारे ठोके) गुणिले २००० भागिले मेगाट्रान्सफर. उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. ६००० सीएल३० म्हणजे पुन्हा १०. उलट बॉक्सवर ३२०० लिहिलेली पण सीएल२२ ची साधी स्टिक १३.७५ वर जाते, आणि डीडीआर५ ५६०० सीएल४६ चक्क १६.४ वर. नव्या पिढीची रॅम म्हणून उशीर आपोआप कमी होत नाही, तो वाढलेलाही असू शकतो. बॉक्सवर ठळक छापलेला आकडा वेगाचा असतो, सीएल शोधून काढावा लागतो. दुकानात तो विचारलाच पाहिजे.

हा उशीर फक्त स्टिकचा झाला. प्रोसेसरपासून रॅमपर्यंत जाऊन परत यायला लागणारा पूर्ण वेळ साठ ते नव्वद नॅनोसेकंदांच्या घरात असतो, आणि त्यातला मोठा वाटा प्रोसेसरच्या आतल्या वाटेचा असतो. त्यामुळे सीएल१८ ऐवजी सीएल१६ घेऊन दोन हजार रुपये जास्त मोजण्याआधी थांबा. स्टिकच्या पातळीवरचा दहा टक्के फरक शेवटी एक-दोन टक्क्यांवर येतो.

तिसरी पायरी: उलटी चाचणी

वेगवान रॅमने आपल्या कामात फरक पडेल का हे कळायला ती विकत घ्यावी लागत नाही. असलेली रॅम मुद्दाम हळू करून बघा.

आधी पाया मोजा. मशीन सुरू करून पाच मिनिटं थांबा, ब्राउझर आणि गेमचे लाँचर बंद करा. सेव्हन-झिपमधला बेंचमार्क चालवा. तो फुकट आहे आणि फार बोलका आहे, कारण त्यातला कॉम्प्रेस करण्याचा आकडा रॅमच्या उशिराला लगेच प्रतिसाद देतो, तर डीकॉम्प्रेसचा आकडा मुख्यतः प्रोसेसरवर अवलंबून असतो. त्यानंतर तुमचं रोजचं काम: गेम असेल तर एकाच जागेवरचा दोन मिनिटांचा भाग, व्हिडिओ असेल तर एकच फाइल एक्स्पोर्ट. प्रत्येक गोष्ट तीनदा करा आणि मधला आकडा धरा. गेममध्ये सरासरीबरोबर सर्वांत खालच्या एक टक्क्याचा एफपीएसही (सेकंदाला दिसणारी चित्रं) नोंदवा. कॅपफ्रेमएक्समध्ये तो मिळतो. हळू रॅममुळे होणारं अडखळणं आधी तिथे दिसतं, सरासरीत नंतर.

आता बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग ३२०० वरून २४०० करा, सीएल१६ तसाच ठेवा. बँडविड्थ २५ टक्क्यांनी घटली आणि उशीर १० वरून १३.३ नॅनोसेकंदांवर गेला. पुन्हा त्याच चाचण्या. एवढा मोठा मार बसूनही तुमचं काम दोन-तीन टक्क्यांनीच मंदावलं, तर ३२०० वरून ३६०० ला गेल्याने काहीही जाणवणार नाही. पंधरा टक्के पडझड झाली तर तुमच्या कामाला रॅमची खरी भूक आहे आणि पैसे तिथे घालण्यात अर्थ आहे.

गेमवाल्यांनी आणखी एक करून पाहावं. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस जोरात वाढला तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे, तेव्हा बोर्ड आणि रॅमचा विषय तिथेच मिटवा. जागचा हलला नाही तर अडथळा प्रोसेसर किंवा रॅमचा. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना, म्हणजे रायझन ५ ५६००जी वगैरे, ही चाचणी लागतच नाही. त्यांची ग्राफिक्स मेमरी म्हणजे हीच रॅम, आणि एका स्टिकवरून दोनवर जाणं हा त्यांच्यासाठी सर्वांत मोठा अपग्रेड आहे.

चौथी पायरी: चिपसेटची तुलना

एएम४ वर, म्हणजे आपला २६०० ज्या सॉकेटमध्ये बसतो त्यावर, बी४५० आणि बी५५० शेजारी ठेवा. बी४५० वर ग्राफिक्स कार्ड आणि पहिला एम.२ स्लॉट पीसीआयई ३.० ने थेट प्रोसेसरला जोडलेले असतात, चिपसेटच्या स्वतःच्या लेन मात्र २.० च्या. म्हणून अनेक बी४५० बोर्डांवरचा दुसरा एम.२ स्लॉट लंगडा असतो: वेगाला कमी, किंवा फक्त साटाचा, किंवा तो भरला की दोन साटा पोर्ट बंद. बी५५० वर प्रोसेसरकडून येणारे रस्ते ४.० चे आणि चिपसेटचे ३.० चे. ए५२० वर सगळं ३.० आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग नाही. एक्स५७० वर सगळं ४.०, पण बहुतेक बोर्डांवर चिपसेटला छोटा पंखा, जो काही वर्षांनी घरघरायला लागतो.

हा फरक कुणाला जाणवतो? पीसीआयई ३.० चार लेनवर साधारण ३,५०० एमबी प्रति सेकंद देतं, ४.० त्याच्या दुप्पट. विंडोज सुरू होणं, ऑफिस, ब्राउझर यांत हे कळत नाही. शेकडो जीबीच्या व्हिडिओ फाइल हलवणाऱ्याला कळतं. दुसरी जागा म्हणजे कमी लेनची ग्राफिक्स कार्डं. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत आणि मेमरी ४ जीबी. ती ३.० च्या बोर्डावर लावली की मेमरी भरल्यावर कार्ड चांगलंच अडखळतं. आठ लेनच्या कार्डाला ३.० वर किरकोळ फटका बसतो.

खरेदीतला सापळाही इथेच आहे. बी५५० पहिल्या दोन पिढ्यांच्या रायझनना अधिकृत सपोर्ट देत नाही. ‘आधी बोर्ड घेतो, प्रोसेसर दिवाळीत’ म्हणत २६०० नव्या बी५५० वर बसवला तर पडदा काळाच राहू शकतो. प्रोसेसरचंही बघा. ५५००, ५६००जी आणि नुसता ५७०० हे फक्त पीसीआयई ३.० देतात, बोर्ड बी५५० असला तरी. ५६०० आणि ५७००एक्स ४.० देतात. नावं इतकी सारखी आहेत की बिलावरचं शेवटचं अक्षरसुद्धा वाचून घ्यावं.

इंटेलवर मात्र चिपसेटचा रॅमशी खरा संबंध उरला आहे, कारण तिथे परवानगीचं कुलूप आहे. बी४६० वर दहाव्या पिढीचा आय५ लावला तर ३२०० ची रॅमही २६६६ वरच चालते. बी५६० पासून बी मालिकेत रॅम ओव्हरक्लॉक करायची मुभा आली. एलजीए१७०० सॉकेटवर, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या पिढीत, एच६१० ला ती मुभा नाही आणि स्लॉटही दोनच. बी६६० आणि बी७६० ला आहे. या दोघांत रॅमच्या दृष्टीने फरक नाही. बी७६० ला चिपसेटकडून पीसीआयई ४.० च्या दहा लेन मिळतात, बी६६० ला सहा. झेड मालिकेचे जास्तीचे पैसे ‘के’चा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा असेल तरच.

एलजीए१७०० च्या एकाच चिपसेटवर डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे असे दोन्ही बोर्ड मिळतात. दोन्ही स्टिकना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावला तर रॅम बसत नाही, स्लॉट फुटतो. ऑनलाइन मागवताना बोर्डाच्या नावात ‘डी४’ आहे का ते बघा. आणि डीडीआर४ वर ‘के’ नसलेला प्रोसेसर घेणार असाल तर ३२०० सीएल१६ वर समाधान माना. तिथे सिस्टीम एजंटचं, म्हणजे मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं, व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने) ३६०० चालणं हे त्या चिपच्या नशिबावर असतं. गिअर २ ला कंट्रोलर अर्ध्या वेगाने चालतो आणि कमावलेलं हातचं जातं.

पाचवी पायरी: निवड

आपल्या उदाहरणातल्या २६०० आणि बी४५० वाल्याने बोर्ड बदलू नये. बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर ५६०० किंवा ५७००एक्स बसवावा, रॅम तीच ठेवावी. १६ जीबी कमी पडत असेल तर असलेल्यात दोन स्टिक मिसळण्यापेक्षा १६ च्या दोन स्टिकचा किट घेणं बरं. किट म्हणजे एकाच पॅकमध्ये आलेल्या स्टिक. सुट्या घेतलेल्या दोन स्टिकवर एकच नाव असूनही आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. ३६०० घ्यायचीच असेल तर घ्या. त्या वेगाला प्रोसेसरमधला इन्फिनिटी फॅब्रिक (आतले भाग जोडणारा मार्ग) १८०० वर बरोबरीने चालतो. ३८०० ला फॅब्रिक १९०० लागतो आणि तो प्रत्येक चिप देत नाही. ४००० वगैरे आकड्यांच्या मागे एएम४ वर लागू नये.

एक गोष्ट तपासूनच हे करा: व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग. स्वस्त बी४५० वर प्रोसेसरशेजारच्या मॉस्फेटवर हीटसिंकच नसतो. ६५ वॅटच्या ५६०० ला तो बोर्ड चालतो. बारा-सोळा कोअरच्या प्रोसेसरला तो तापून वेग खाली आणतो. बी५५० घेण्याचं हे चांगलं कारण आहे, रॅम हे नाही.

एएम५ ला, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटला, जायचं तर डीडीआर५ शिवाय मार्ग नाही, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही नवं. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जे चढले, त्यात हा हिशोब आणखी जड झाला. घ्यायचंच तर १६ च्या दोन स्टिक, ६००० सीएल३०, एक्स्पो (एएमडीचं एक्सएमपी) प्रोफाइलसह. ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक टाळा: त्यात रुंद चिप कमी संख्येने बसवलेल्या असतात, आतले स्वतंत्र काम करणारे भाग, म्हणजे बँक गट, निम्मे, आणि त्याच वेगाला त्या मागे पडतात. चार स्लॉट दिसले म्हणून चार स्टिक भरू नका. रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२००, चारला ३६०० आहे. चिपसेट बी६५० पुरे. एक्स६७० म्हणजे तशाच दोन चिप जोडलेल्या. जास्त पोर्ट हवे असतील तर उपयोग, वेगासाठी नाही.

सेकंडहँड तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेल घेणाऱ्यांनी बायोसमध्ये ०x१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (बायोसबरोबर येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आहे का ते आधी बघावं. जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप खराब होत होत्या. त्यावरचा हा उपाय सप्टेंबर २०२४ मध्ये आला. पण आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही. गेम अचानक बंद पडणं, फाइल उघडताना चूक येणं ही लक्षणं हुबेहूब खराब रॅमसारखी असतात, आणि लोक रॅम बदलत बसतात.

सहावी पायरी: प्रत्यक्ष बदल

क्रम महत्त्वाचा आहे. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा. बोर्डाच्या पानावर नव्या प्रोसेसरसमोर लिहिलेली किमान आवृत्ती शोधा, आणि मधल्या एखाद्या आवृत्तीवर आधी थांबायला सांगितलं आहे का ते वाचा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर तो थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर घ्या. प्रोसेसर बदलला की त्यातला टीपीएम, म्हणजे चाव्या सांभाळणारा भाग, बदलतो आणि विंडोज ती की मागतं. फाइल फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्या फ्लॅश साधनातूनच अपडेट करा, विंडोजमधून नको. यूपीएस हवाच. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर दिवस बघून करा. अपडेटनंतर सगळी सेटिंग पुसली जातात, एक्सएमपीसुद्धा.

एएम४ चा प्रोसेसर काढताना घाई नडते. पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड सैल, त्यामुळे वाळलेल्या पेस्टला चिकटून तो कूलरबरोबर उपटून येतो. आधी दहा मिनिटं एखादं जड काम चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा. कूलर वर ओढू नका. डावी-उजवीकडे हळूहळू पिळा, सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला.

रॅम बसवताना दोन्ही टोकांना समान दाब द्या. अनेक बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. दुसरं टोक अर्धवट राहिलेलं डोळ्याला दिसत नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर डीडीआर५ चं मशीन काही मिनिटं काळ्या पडद्यावर बसतं. ते मेमरी ट्रेनिंग असतं. दहा मिनिटं हात लावू नका.

एक्सएमपी लावल्यावर मशीन उठलंच नाही तर वायर काढून बायोसची सेटिंग पुसणाऱ्या सीएमओएसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. मग प्रोफाइल लावून वेग एक पायरी खाली घ्या.

सातवी पायरी: नंतरची तपासणी

मेमटेस्ट८६ चे चार फेरे पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एकही चूक चालत नाही. एक चूक म्हणजे वेग कमी करा किंवा किट परत करा. फॅब्रिक १९०० वर नेला असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया १९ च्या, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकांच्या, नोंदी येतात का ते बघा. मशीन वरून ठणठणीत दिसतं आणि आत चुका दुरुस्त करत बसलेलं असतं.

मग तिसऱ्या पायरीतल्या चाचण्या पुन्हा. एडा६४ हा रॅमचा वेग मोजणारा प्रोग्राम वापरत असाल तर एका आकड्याने घाबरू नका. २६०० वर रॅममध्ये लिहिण्याचा वेग ४५ जीबीच्या आसपास दिसायचा, ५६०० बसवल्यावर तो २५ वर येतो. रॅम बिघडलेली नाही. ५६०० मध्ये कोअरचा एकच चिपलेट (चिपचा वेगळा तुकडा) आहे आणि तो फॅब्रिकवर एका ठोक्याला १६ बाइट लिहू शकतो. ३२०० च्या रॅमला फॅब्रिक १६०० वर चालतो, आणि १६०० गुणिले १६ म्हणजे २५.६ जीबी. वाचण्याचा रस्ता ३२ बाइटचा आहे, आणि रोजचं काम बहुतांशी वाचण्याचं असतं. एएम५ वरही एका चिपलेटच्या प्रोसेसरला २००० च्या फॅब्रिकवर वाचण्याची मर्यादा ६४ जीबी आहे, रॅम कागदावर ९६ देत असली तरी. ६००० च्या वर जाऊन फारसं हाती का लागत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

मेमटेस्ट पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतर आठवडाभर मशीन नीट चालेपर्यंत जुना २६०० विकू नका. बायोस पुन्हा फ्लॅश करायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो. ठेवताना पिनांना धक्का लागणार नाही असा, त्याच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात.